व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय? – शिक्षक आणि पालकांसाठी एक करिअर-पाठ



दहावी-बारावीच्या मुलांसाठी आपण शाळेत करिअरचा तक्ता लावतो. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, नर्सिंग, पोलीस भरती, आयटीआय, डी.एड. सगळं असतं. व्यसनमुक्ती समुपदेशक हा शब्द मात्र मी आजवर एकाही तक्त्यावर पाहिलेला नाही. ज्या गावांमध्ये हे तक्ते लागतात, त्याच गावांना या माणसाची गरज सगळ्यात जास्त आहे, म्हणून आजचा पाठ त्यावर.

आमचं दवनीवाडा गोंदिया तालुक्यातलं. धानाचा मुलूख. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मजुरीचा पैसा हातात येतो, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला घरंच्या घरं पहाटे बाहेर पडतात. मोह हे इथलं पोट आहे आणि दारूही आहे. तेंदूपत्ता आणि बिडी यांवर कित्येक बायांचा संसार चालतो. आणि खर्रा! बाहेरच्या वाचकांना सांगते: सुपारी, तंबाखू, चुना एकत्र करून प्लॅस्टिकवर घोटलेला हा विदर्भाचा मुखवास. मोठी माणसं तो आणायला लहान पोरांना टपरीवर पाठवतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या गोंदियात बंदी नाही. बंदी असावी की नसावी यावर आपण पारावर तासन् तास बोलू शकतो. पण बंदी असली तरी आणि नसली तरी, ज्याला आधीच लागलेली आहे त्या माणसाजवळ बसून बोलणारं कोणीतरी लागतंच.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सच्या मदतीनं देशभर एक पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातला एक आकडा मला विसरता येत नाही. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाले होते. बाकीच्या ३७ जणांना काय मिळालं असेल? शिव्या, मार, शपथा, गंडे. आणि घरच्यांना उधारी.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

आपल्या भाषेनं इथे एक अडचण करून ठेवली आहे. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळे मुलांना वाटतं की समुपदेशक म्हणजे गोड आवाजात भाषण देणारा माणूस. आपण शिक्षक मंडळी तर या बाबतीत जरा जास्तच तरबेज. पण दारुड्या माणसाला दारू वाईट आहे हे सांगायला नको असतं. ते त्याला गावातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

आमच्याकडच्या बोलीत दोन संवाद लिहून दाखवते. पहिला, आपण नेहमी करतो तो.

“काऊन जी, एवढी दारू पेता, लेकराईचं काही वाटत नाही का?”
“वाटते ना. म्हनूनच पेतो.”

संवाद संपला. आता दुसरा.

“सकाळी उठल्यावर हात थरथरतात का?”
“हो जी. घोटभर गेली का मंग थांबते.”
“मंग कामावर जाता कसे?”
“कायचा जातो! आता कोनी बोलवत बी नाही.”
“जावंसं वाटते का पन?”
(बराच वेळ गप्प) “वाटते. माहा हात बसला होता ना कामात.”

दुसऱ्या संवादात समुपदेशकानं एकही सल्ला दिला नाही. पण दारू सोडण्याचं कारण त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून बाहेर आलं. ते कारण आपण सांगितलेल्या दहा कारणांपेक्षा भारी असतं, कारण ते त्याचं आहे. या पद्धतीला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती प्रथम मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि आज जगभरच्या व्यसनमुक्ती प्रशिक्षणात ती शिकवली जाते. वाचायला सोपी आहे. करायला फार अवघड, कारण समोरचा गप्प बसला की आपल्याला राहवत नाही आणि आपण बोलायला लागतो. प्रशिक्षणातला मोठा वेळ हे राहवून घेण्यातच जातो असं म्हटलं तरी चालेल.

पुण्याचं मुक्तांगण

महाराष्ट्रात या कामाचं शिक्षण कसं उभं राहिलं हे समजून घ्यायचं तर मुक्तांगणकडे बघावं लागतं. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर तरुण पोरांमध्ये पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं. अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर जरूर मागवा. नववीपासूनच्या मुलांना ते झेपतं.

करिअरच्या दृष्टीनं मुक्तांगणमधल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे तिथे उपचाराला आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. हा नुसता गोड शब्द नाही. ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ असं ज्याला गाव म्हणतं त्याच्याशी बोलायला सुरुवात करण्याआधी समुपदेशकाला स्वतःच्या तोंडातला शब्द बदलावा लागतो. आणि दुसरी म्हणजे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढे प्रशिक्षण घेऊन समुपदेशक झाली. ज्याला दहावीनंतर शाळा सुटली होती, ज्याची नोकरी गेली होती, असा माणूसही या कामात उभा राहू शकतो, कारण समोरच्याची थाप त्याला लगेच कळते. त्यानं स्वतः तीच थाप कधीतरी मारलेली असते!

ही कल्पना मुळात १९३५ ची. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन नावाच्या गावी बिल नावाचा शेअर दलाल आणि बॉब नावाचा शल्यचिकित्सक, दोघंही अट्टल दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि बोलत असेपर्यंत पिणं थांबतं असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे ‘एए’ उभं राहिलं. आज आपल्याकडेही त्यांच्या सभा मराठीतून होतात. फी नसते, नाव सांगावं लागत नाही.

पण म्हणून अनुभव हेच सगळं शिक्षण, असं समजू नये. “मी सोडली ना, मग तू काऊन नाही सोडत?” असं म्हणणारा माजी दारुडा हा समुपदेशक म्हणून तितकाच निरुपयोगी, जितका कधीच न प्यायलेला आणि पाठ्यपुस्तकातून बोलणारा पदवीधर. दोघांनाही शिकावं लागतं. चांगल्या केंद्रात दोघं शेजारी बसून काम करतात.

शिकायचं तरी काय काय?

पहिलं, शरीर. समुपदेशक डॉक्टर नाही, औषध देत नाही. तरीपण डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे त्याला कळलंच पाहिजे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केली तर पहिल्या दिवसातच घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. ही जिवावरची अवस्था आहे. आपल्याकडे मात्र काय करतात? खोलीत कोंडून ठेवतात. “दोन दिवस तडफडू द्या, उतरेल.” किंवा भास झाले की बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतात. पालकहो, हे एवढं एक वाक्य जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुष्कळ: रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरच्या देखरेखीशिवाय अचानक बंद करू नये.

तसंच दुसरं एक दुखणं. नवऱ्याला न सांगता भाजीत मिसळायच्या पावडरी आणि गोळ्या. जाहिराती सगळीकडे असतात. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. डॉक्टर ते माणसाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीनं देतात. ज्याला माहीतच नाही की आपल्या जेवणात ते आहे, तो त्या रात्री पिणार आणि दवाखान्यात जाणार. काही वेळा त्याच्याही पलीकडे. बाईनं हे केलं तर ते तिच्या हतबलतेतून केलेलं असतं, हे समुपदेशकानं समजून घ्यावं. तिला रागावून पाठवू नये.

मग येतं विचारणं. जॉन युइंग या डॉक्टरांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेले चार साधे प्रश्न आजही वापरतात. पिणं कमी करावं असं कधी वाटलं का? कोणी टोकलं की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला लागून राहतं का? आणि सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन उत्तरं ‘हो’ आली तर पुढे नीट तपासायचं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावलीही आहे. प्रश्न पाठ करायला पाच मिनिटं लागतात. ते पोलिसासारखे न विचारता भावासारखे विचारायला मात्र महिने लागतात.

घर हा तर वेगळाच विषय. बाप पितो, आई लपवते, मोठा मुलगा उधारी फेडतो, मुलगी पाहुण्यांना “बाबांना बरं नाही” सांगते. सगळे मायेपोटीच करतात, आणि या सगळ्यांमुळे बापाला आपल्या पिण्याची पूर्ण किंमत कधी कळतच नाही. समुपदेशकाला हे घरच्यांना सांगायचं असतं आणि तेही असं, की “म्हणजे आमच्यामुळेच पितो का?” असं त्यांना वाटता कामा नये. मुक्तांगणमध्ये रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो. एए सारख्याच घरच्यांसाठी अल्-अॅनॉनच्या सभा असतात.

आणि घसरणं. सोडलेली परत सुरू होणं हे या क्षेत्रात अपवाद नसून रोजचं आहे. आपण शाळेत नापासाला जसं बघतो तसं इथे बघून चालत नाही. काय झालं, कुठे झालं, कोण सोबत होतं, पगाराचा दिवस होता की लग्नाची वरात, हे सगळं त्याच्यासोबत बसून शोधायचं. मुक्तांगणमध्ये व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करतात, तोही याच कारणानं. गेलेलं प्रत्येक वर्ष मोजण्यासारखं असतं.

माळेबद्दलही एक वाक्य लिहिते, कारण शिकलेली पोरं त्यावर हसतात. आपल्याकडे कित्येकांनी माळ घातली आणि खरंच सोडली. माळेसोबत भजनाची मंडळी मिळतात, संध्याकाळची वेळ भरते, पिणाऱ्यांची संगत सुटते. व्यसनमुक्तीच्या शास्त्रात जे करायला सांगतात त्यातलं बरंचसं तिथे आपोआप होतं. शहाणा समुपदेशक माळेला नावं ठेवत नाही. फक्त अंगात थरथर असेल तर आधी डॉक्टर, मग माळ, एवढं सांगतो.

शेवटी गुप्तता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारे मानसिक विकार धरलेले आहेत आणि कलम २३ नुसार रुग्णाला गुप्ततेचा हक्क आहे. गावात हे पाळणं किती कठीण ते आपल्याला माहीतच आहे. समुपदेशकाचा काका सरपंच असतो, मावशी आशा असते, आणि चहाच्या टपरीवर सगळेच असतात.

“बाबांची सुटेल ना?”

बारावीतल्या एका मुलीनं मला या क्षेत्राबद्दल विचारलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील इथे देत नाही.) कुठे शिकायचं, किती वर्षं, खर्च किती, सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाली, “मॅडम, मी हे शिकली तर आमच्या बाबांची सुटेल ना?”

मी तिला ‘हो’ म्हटलं नाही. म्हणायला फार सोपं होतं, आणि तिनं त्या एका शब्दावर तीन-पाच वर्षं काढली असती.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींमध्ये असं घर बघितलेली मुलं खूप असतात. त्यांना समोरच्याचं दुःख लवकर कळतं, हे खरं. पण शल्यचिकित्सक स्वतःच्या लेकराचं ऑपरेशन करत नाही, तसं आपल्याच बापाचा समुपदेशक होता येत नाही. मुलगी समोर बसली की बाप बाप होतो, रुग्णमित्र होत नाही. आणि तिनं उद्या दुसऱ्या कोणाच्या बापासमोर बसायचं तर आधी स्वतःच्या घराचा राग आणि माया दोन्ही कोणाजवळ तरी उतरवून ठेवावी लागते. चांगल्या प्रशिक्षणात यासाठीच अनुभवी माणसाची देखरेख असते. शिकणारा समुपदेशक आपल्या केसेस त्याच्यासमोर मांडतो आणि त्या केसेसनी आपल्या मनात काय हललं तेही सांगतो. ही सोय नसलेला अभ्यासक्रम स्वस्त असला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. बाबांची दारू तुझ्यामुळे लागली नाही आणि तुझ्या मार्कांनी किंवा डिग्रीनं सुटणार नाही. त्यांच्यासाठी आजच फोन करता येतो, त्यासाठी तुझ्या पदवीची वाट बघायची गरज नाही. आणि तुला हे काम करायचंच असेल तर ते तुझ्यासाठी कर. मग मी तिला चेन्नईच्या शांती रंगनाथन यांच्याबद्दल सांगितलं. त्यांचे पती दारूमुळे गेले. त्यानंतर त्यांनी या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलं, अमेरिकेत जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि १९८० मध्ये पतीच्या नावानं टी. टी. रंगनाथन संस्था उभी केली. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पतीला त्या वाचवू शकल्या नव्हत्या.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे बी.ए. करू का बी.एस.डब्ल्यू.?” तर आता त्याकडे वळू.

वाट कशी आहे

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. या क्षेत्रात चार वेगवेगळी माणसं काम करतात आणि मुलं ती एकच समजतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, औषध फक्त तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. करून पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी असलेला. मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता हा समाजकार्याच्या वाटेनं येतो. आणि समुपदेशक. समुपदेशक होण्याची दारं बऱ्यापैकी रुंद आहेत, आणि म्हणूनच त्यातून कोणीही आत शिरतं.

आपल्या भागातल्या मुलांसाठी मला सगळ्यात व्यवहारी वाट वाटते ती समाजकार्याची. बारावी कोणत्याही शाखेतून, मग बी.एस.डब्ल्यू., मग एम.एस.डब्ल्यू. नागपूरला मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था आहे, तिरपुडे महाविद्यालय आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि १९३६ पासून चालत आलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था. या शिक्षणात आठवड्यातले ठरावीक दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावं लागतं. ते व्यसनमुक्ती केंद्रात मागून घ्या, असं मुलांना आवर्जून सांगा. पदवीच्या कागदापेक्षा ते दिवस जास्त उपयोगी पडतात.

दुसरी वाट मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. इथे एक नवीन गोष्ट लक्षात घ्या. बरेच पालक विचारतात, घरी बसून दूरस्थ पद्धतीनं करू का? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ पासून मानसशास्त्रासारखे आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केली आहे. त्यामुळे जुन्या माहितीवर कोणी प्रवेशाचे पैसे मागत असेल तर आधी चौकशी करा.

पदवीनंतर व्यसनमुक्तीचं खास प्रशिक्षण. सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय समाज रक्षा संस्था दिल्लीत आहे. तिच्यातर्फे आणि विभागीय प्रशिक्षण केंद्रांमार्फत केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं होतात. मुक्तांगण हे असंच एक विभागीय केंद्र. बंगळूरच्या निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, एम्सचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं व्यसन समुपदेशकांसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षाही तयार केल्या आहेत. पण ते अनुभव घेतल्यानंतरचं.

नोकरी कुठे? सरकारी अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती व्यसनमुक्ती केंद्रं, खासगी केंद्रं, रुग्णालयांचे मानसोपचार विभाग. जिल्हा पातळीवर तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात समुपदेशकाची जागा असते. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे तंबाखू आणि दारूवरचं जिल्हाव्यापी काम सुरू झालं. आपल्या बोलीत बोलणारी माणसं अशा कामांना लागतात, आणि हीच आपल्या मुलांची जमेची बाजू आहे. पुण्याहून आलेला हुशार समुपदेशक “माहा हात बसला होता कामात” हे ऐकतो, पण त्यात काय गमावलंय ते त्याला उशिरा कळतं.

पगाराबद्दल मुलांना खोटी स्वप्नं दाखवू नका. बहुतेक जागा कंत्राटी, पगार बेताचा, अनुदानावर चालणाऱ्या ठिकाणी तो उशिरा होतो. कामात थकवा येतो. ज्याच्यावर सहा महिने घेतले तो एका वरातीत पुन्हा पितो. हे सगळं ऐकूनही ज्याला जावंसं वाटतं, त्यानं जावं.

केंद्र खरं की खोटं?

मुलाला शिकायला पाठवायचं असो की घरच्या माणसाला उपचाराला, प्रश्न तेच विचारा. नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतो की फक्त फलकावर त्याचं नाव आहे? घरच्यांना भेटू देतात का? माणसाला बांधतात, मारतात, दंड म्हणून उपाशी ठेवतात का? जबरदस्तीनं गाडीत घालून नेतात का? यातलं काही असेल तर ते केंद्र नव्हे, कोंडवाडा आहे. आणि “शंभर टक्के खात्री” असं जिथे लिहिलंय तिथून सरळ परत या. या रोगात खात्री कोणीच देऊ शकत नाही.

फोनचे क्रमांक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवावेत असे आहेत. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६. तिन्ही मोफत.

शाळेत सुरुवात

समुपदेशक घडायला वेळ लागेल, तोपर्यंत आपण काय करतो? एक उपक्रम सांगते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना तर कुठेच विकता येत नाहीत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली लहान मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाचून दाखवलं की मुलं ‘बरं’ म्हणतात आणि विसरतात.

तालुक्यातल्या एका शिक्षकानं हे गणिताच्या तासाला घेतलं. शंभर यार्ड म्हणजे किती मीटर? ९१.४४. मग पोरांना टेप दिला आणि शाळेच्या फाटकापासून मोजायला सांगितलं. साठ मीटरवरच एक टपरी आली. ती कोणाची हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, कारण टेपचं दुसरं टोक धरून टपरीवाल्याचाच मुलगा उभा होता. पोरं गप्प झाली. सरांनी तिथे काही भाषण केलं नाही, आकडा वहीत लिहायला सांगितला आणि वर्गात परत नेलं. संध्याकाळी एकटेच टपरीवर गेले, चहा घेतला आणि विचारलं, “भाऊ, खर्र्यात दिवसाचे किती सुटतात?” तासभर बोलणं झालं. नुसतं चहा-नाश्त्यावर चालेल का, मुलाला पुढे काय शिकवायचं, असं बरंच काही.

टपरी अजून तिथेच आहे. शाळेच्या वेळात तिथे खर्रा मिळत नाही, संध्याकाळी मिळतो. सर आठवड्यातून एकदा चहाला जातात.